दोन्ही पाय हवेत

सॉफ्टबॉलचा सामना असला की लोक चेंडू बघतात. मी पाय बघते. वीस-बावीस वर्षं झाली, दुसरं काही बघितल्याचं आठवत नाही. कोणत्या मुलीनं किती लांब मारला, कोणी झेल कसा घेतला, हे घरी कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. बूट सांगता येतात. कोणाचा तळ उसवला होता, कोण अनवाणी खेळत होती, कोणी भावाचे मोठे बूट घालून पुढे कापूस कोंबला होता.

नोकरी माझी नागभीडच्या एका शाळेत, शारीरिक शिक्षणाची. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळले होते. बरोबरच्या दोघी अंपायरच्या परीक्षेला बसत होत्या म्हणून मीही बसले. त्या दोघी पुढे लग्न होऊन पुण्याकडे गेल्या. मी इथंच राहिले आणि अंपायर झाले. दर वर्षी धान निसवायला लागलं की स्पर्धेचं पत्र येतं. चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली, कधी भंडारा. घरचे सगळे दीक्षाभूमीला जायची तयारी करत असतात आणि मी पांढरी टोपी शोधत असते. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "पोरी खेळतेत, तू काऊन उन्हात उभी राहते वो?" त्या दोन-तीन दिवसांचा भत्ता येण्या-जाण्यात संपतो. डावा गुडघा तर याच कामानं गेला.

मैदानावर अंपायर दोन असतात. एक मुखवटा घालून, बॅटर उभी असते त्या होम प्लेटच्या मागे उभा राहतो. लोक त्याच्यावर ओरडतात. दुसरा बेसजवळ, म्हणजे धावणाऱ्या मुली टप्प्याटप्प्यानं जिथं थांबतात तिथं असतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मी बहुतेक वेळा दुसरी. पिचर चेंडू टाकते तेव्हा तिचे हात पहिल्यानं बघायचे आणि पाय दुसऱ्यानं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात, खांद्यातून हाताचा एक पूर्ण फेरा घेऊन. पुढचा पाय लांब पडतो आणि मागच्या पायाचा चवडा जमिनीला घासत यायला हवा. त्या वेळी मुलींसाठी नियम असा होता की दोन्ही पाय एकाच क्षणी हवेत गेले तर ती उडी, आणि उडी मारून टाकलेला चेंडू बेकायदा. इलिगल पिच. मग बेसवरच्या अंपायरनं डावा हात मूठ मिटून आडवा काढायचा. खेळ लगेच थांबत नाही. चेंडू जायचा तिथं जातो, बॅटर मारायचा तर मारते. शिक्षा नंतर होते. बॅटरला एक बॉल मिळतो, म्हणजे पिचरचा एक चेंडू चुकीचा धरला जातो, आणि बेसवर उभ्या असलेल्या मुली एकेक बेस पुढे जातात.

हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत बघायचं असतं. चवडा जमिनीपासून दोन बोटं वर होता की चिकटलेला होता, हे ठरवायला धुळीकडे बघावं लागतं. धूळ उडाली नाही, तर पाय घासला नाही.

तर त्या वर्षी बल्लारपूरला विभागीय स्पर्धा होती, सतरा वर्षांखालच्या मुलींची. सहा जिल्ह्यांच्या सहा टीम. जिंकेल ती राज्याला जाणार. राज्याला गेलेल्या मुलींना दहावीत वाढीव गुण मिळतात, त्यामुळे मास्तर लोक जिवावर उदार होऊन भांडतात. मंगळवारी सकाळी मी गोंदियाकडून येणाऱ्या गाडीनं पोचले. वारा पेपर मिलकडून होता आणि त्या वासानं डोकं सकाळपासूनच दुखत होतं. त्याआधीचे आठ दिवस मी गडचिरोली आणि चंद्रपूर, दोन्हीकडचे जिल्ह्याचे सामने उभ्यानं काढले होते. जिची ही गोष्ट, ती मुलगी गडचिरोलीच्या त्या सामन्यांत खेळली असणार, पण तिची मॅच माझ्या वाट्याला आली नव्हती.

मंगळवारी दुपारी ती पहिल्यांदा दिसली. धानोऱ्याच्या पुढच्या एका आश्रमशाळेची टीम. त्यांच्याबरोबर आलेले सर गणिताचे होते. शाळेत खेळाचं पद भरलेलं नव्हतं म्हणून पोरी त्यांच्या गळ्यात पडल्या होत्या. मला ते येऊनच म्हणाले, "मॅडम, मले यातलं जास्त समजत नाई. पोरीच समजावून सांगते मले."

मुलगी उंच नव्हती. वेणी टी-शर्टच्या आत खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, पांढऱ्याचे मातकट झालेले. पिचिंगच्या प्लेटवर उभी राहिली, चेंडू दोन्ही हातांत धरून श्वास घेतला, आणि टाकला. कॅचरच्या हातमोज्यात जो आवाज झाला, तो शाळेच्या सामन्यांत मी क्वचितच ऐकला होता. समोरची बॅटर चेंडू जाऊन गेल्यावर बॅट फिरवत होती.

आणि दोन्ही पाय हवेत होते. दोन बोटं वगैरे नाही, चांगले वीतभर. शंका घ्यायला जागाच नव्हती. ती प्लेटवरून हरणासारखी सुटायची, पुढे जाऊन दोन्ही पायांवर जवळजवळ एकदमच उतरायची आणि उतरता उतरता चेंडू हातातून निघालेला असायचा. मागे धूळ नाही, रेघ नाही, काही नाही.

माझा डावा हात उठायला हवा होता. उठला नाही.

का नाही, याची कारणं त्या वेळी मी स्वतःला बरीच दिली. पलीकडची टीम कच्ची होती, ती उडी न मारताही हरलीच असती. त्यांच्या मास्तरांची तक्रार नव्हती. हात काढला की खेळ थांबणार, गणिताचे सर येणार, त्यांना नियम अथपासून सांगावा लागणार, वही उघडावी लागणार, आणि त्या दिवसाची ती माझी तिसरी मॅच होती. अंपायरांना उतरायला दिलेल्या धर्मशाळेसारख्या हॉलमध्ये जाऊन पाय वर करून पडायचं एवढंच डोक्यात होतं. आणि एक कारण असं की मला तिचा पुढचा चेंडू बघायचा होता. मग त्याच्या पुढचा. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा चेंडू बघत होते.

त्यांनी तो सामना सहज जिंकला. नंतर सरांना बाजूला घेऊन सांगू, असं मी ठरवलं. ते मुलींना घेऊन जेवायला गेले होते. मीही गेले नाही शोधायला.

बुधवारी सकाळी त्यांची सेमीफायनल दुसऱ्या अंपायरांनी घेतली. बेसवर एक नवीन अंपायर होता. त्यानंही हात काढला नाही. त्याच्या लक्षात आलं नसेल, किंवा मंगळवारी माझा हात खाली राहिलेला त्यानं बघितला असेल. आमच्यात असं चालतं. जुन्यानं सोडलं की नवा सोडतो.

फायनल दुपारी होती. समोर चंद्रपूरच्या एका मोठ्या शाळेची टीम. त्यांचे कोच माझ्याच वेळचे, कॉलेजात दोन वर्षं पुढे होते. हुशार माणूस, नियमांचं पुस्तक पाठ. दोन इनिंग त्यांनी काही केलं नाही. त्यांच्या पोरी चेंडूला बॅट लावू शकत नव्हत्या. तिसऱ्या इनिंगच्या आधी ते माझ्याजवळ आले. हातात मोबाईल होता.

"मॅडम, हे पाहा. दोन्ही पाय वर हायेत."

"सर, व्हिडिओ मला बघता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"नका पाहू. मैदानात पाहा मंग. तेवढंच म्हणून राह्यलो."

ते रागावलेले नव्हते, आवाजही चढवला नाही. म्हणून तर मला पळवाट नव्हती. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी त्यांना गप्प बसवलं असतं आणि पुन्हा डोळेझाक केली असती.

तिसऱ्या इनिंगचा पहिला चेंडू. मी हात काढला.

बेसवर कोणी नव्हतं, त्यामुळे शिक्षा फक्त एका बॉलची. मुलीनं वळून माझ्या हाताकडे बघितलं. तिला तो इशारा काय आहे तेच माहीत नव्हतं. मुख्य अंपायरनं सांगितलं तेव्हा तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं, जणू दुसऱ्या कोणाचे आहेत.

गणिताचे सर धावत आले. मी त्यांना जमिनीवर चवडा घासून दाखवला.

"मोबाईलमधी तर बाहेरदेशातले खेळाडू अशीच उडी मारते मॅडम. आमी तेच पाह्यलं."

"ते पुरुष आहेत सर. पुरुषांना चालते. मुलींना नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर आत्मविश्वासानं सांगावं, तेव्हा मास्तर बघतो तसं. मग ते मुलीकडे गेले आणि तिच्या कानात काहीतरी बोलले. ती मान हलवत राहिली.

पुढच्या चेंडूला तिनं पाय घासायचा प्रयत्न केला. चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेला. त्यापुढचा मातीत. लहान पोरानं चालायला शिकावं तसं बिचारी एकेक पाऊल मोजून टाकायला लागली, आणि अशानं पिचिंग होत नाही. चार बॉल झाले की बॅटर फुकट बेसवर जाते. अशा दोघी गेल्या, तिसरीनं मवाळ आलेला चेंडू मारला. चार विरुद्ध शून्य असलेला सामना शेवटच्या इनिंगपर्यंत चार-चारवर आला. मधे दोनदा सवयीनं तिची उडी गेली. दोनदा मी हात काढला. तिसऱ्यांदा हात काढताना तिची कॅचर तिच्या भाषेत मला काहीतरी बोलली. गोंडी मला येत नाही, पण ते समजायला भाषा लागत नव्हती.

शेवटची इनिंग. चंद्रपूरच्या दोघी बाद. एक तिसऱ्या बेसवर. तिथून घरी, म्हणजे होम प्लेटवर आली की सामना त्यांचा. बॅटरवर दोन स्ट्राइक झालेल्या, तिसरीला ती बाद, म्हणजे एक अचूक चेंडू आणि इनिंग संपली, सामना पुढे जादा इनिंगमध्ये.

मुलगी प्लेटवर आली. बराच वेळ चेंडू धरून उभी राहिली. घाम पुसला. आणि मग तिनं सगळं सोडून दिलं असावं. मी काय सांगितलं, सरांनी काय सांगितलं, सगळं. ती तशीच सुटली, मंगळवारसारखी. तो चेंडू मी बघितला नाही, मी पाय बघत होते, पण आवाज ऐकला. बॅटरनं बॅट फिरवली ती हवेतच. तिसरी स्ट्राइक. आश्रमशाळेच्या सगळ्या पोरी किंचाळत धावत सुटल्या, कोणी हातमोजे वर फेकले, बाकावरच्या दोघी गणिताच्या सरांना ओढत मैदानात घेऊन आल्या.

माझा हात आडवा होता.

त्यांना ते कळायला वेळ लागला. एकेक मुलगी थांबत गेली. मुख्य अंपायरनं मुखवटा काढला, स्ट्राइक रद्द केली, तिसऱ्या बेसवरच्या मुलीला बोटानं घरी बोलावलं. ती चालत आली. धावायची गरजच नव्हती. पाच-चार. सामना संपला.

मुख्य अंपायर वयानं माझ्याहून मोठे. टोपी झटकत म्हणाले, "मॅडम, बरोबर दिलं तुम्ही. माझ्याही डोळ्यांनी दिसलं." मी हो म्हटलं. दिसणारच. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी नळावर पाणी प्यायला गेले तेव्हा ती तिथं तोंड धूत होती. रडलेली वाटली नाही. ओल्या हातानं तोंड पुसत तिनं विचारलं,

"बाई, मंगळवारी चाललं. आज काऊन नाई?"

"नियम आहे बाळा."

"मंगळवारी नियम नव्हता काय?"

मी नळ बंद करत राहिले. वायसर गेलेला होता, बंद होत नव्हता. तिला हाक आली आणि ती गेली.

त्या रविवारी मी घरी स्वयंपाक केला, कपडे धुतले, पेपर तपासले. त्याच्या पुढच्या रविवारी गणिताच्या सरांना फोन केला आणि येऊ का विचारलं. त्यांना वाटलं मी चौकशीला येतेय. म्हणाले, "काई चुकलं असन तर मी लेखी देतो." मी म्हटलं, पाय शिकवायला येते.

नागभीडहून ब्रह्मपुरी, ब्रह्मपुरीहून गडचिरोली, तिथून धानोऱ्याची बस, आणि पुढे सरांच्या गाडीवर मागे बसून. पोचायला अर्धा दिवस गेला. शाळेचं मैदान म्हणजे साग आणि मोहाच्या झाडांमधली मोकळी, उताराची जागा. पिचिंगची प्लेट म्हणून ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा मोठ्या खिळ्यांनी जमिनीत ठोकलेला होता. आणि त्या तुकड्याच्या पुढे, हातभर अंतरावर, पावसाच्या पाण्यानं चांगली रुंद घळ पाडली होती.

मी सरांना विचारलं, "हे केव्हापासून आहे?"

"पयलेपासूनच. दर पावसाळ्यात मोठी होते."

मुलगी बाजूलाच उभी होती. मी तिला म्हटलं, टाकून दाखव. तिनं दाखवलं. त्या घळीवरून उडी मारल्याशिवाय पुढे पायच ठेवता येत नव्हता. घासला असता तर पाय मोडून घेतला असता. सहावीपासून ती इथं चेंडू टाकत होती. व्हिडिओचा काही संबंध नव्हता.

सरांनी आणि मोठ्या पोरींनी मुरूम आणून घळ बुजवली. शिपाईभाऊंनी वरून पाणी मारून धुम्मसानं ठोकून जमीन घट्ट केली. मी पांढऱ्या फक्कीचा एक लांब पट्टा मारला आणि तिला सांगितलं, "तुझ्या चवड्यानं या फक्कीत रेघ पडली पाहिजे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुटली तर चेंडू गेला." तो दिवस आणि त्याच्या पुढचे दोन रविवार मी तिच्याकडून तेवढंच करून घेतलं. ती हट्टी होती. सांगितलेले पन्नास असतील तर साठ टाकायची. बुटाचा चवडा झिजून अंगठा बाहेर आला, तर सरांनी त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिला. तिसऱ्या रविवारी रेघ अखंड पडायला लागली.

चेंडू मात्र तो राहिला नव्हता. सरळ जायचा, नेमका जायचा, पण कॅचरच्या हातात तो आवाज व्हायचा नाही. मी म्हटलं, "येईल हळूहळू जोर." ती म्हणाली, "हव." दोघींनाही माहीत असावं की तो येईलच असं नाही.

पुढच्या वर्षी ती वयोगटातून बाहेर गेली. दहावी पास झाली, वाढीव गुणांशिवायच. नंतर नर्सिंगला गडचिरोलीला गेल्याचं सरांनी एकदा सांगितलं. मग सरांचीही बदली झाली.

पाच-सहा वर्षांनी नागपूरला अंपायरांचं उजळणी शिबिर होतं. पंख्याखाली खुर्च्या लावलेल्या, समोर पडद्यावर नवीन नियम. शिकवणारे गृहस्थ भराभर पुढे जात होते, जेवणाची वेळ झाली होती. एका पानावर येऊन म्हणाले, "आता महिलांनाही उडी चालेल. पुरुषांसारखीच. उतरल्यावर पुन्हा पायानं रेटा दिला तर मात्र चूक. नुसती उडी असेल तर हात काढायचा नाही. पुढे."

पुढे गेले. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी पेन हातात धरून बसले होते. ती रेटा कधीच देत नव्हती. नुसती उडी. जेवणाच्या रांगेत मी शेजारच्या अंपायरला विचारलं, हे आधी का नव्हतं? तो भात वाढून घेत म्हणाला, "कोणाले माहीत मॅडम. आपल्याले काय, सांगतलं तसं करायचं." तेही खरंच होतं. जेवण झाल्यावर मी गुडघ्याला मलम चोळलं आणि दुपारचं सत्र मागच्या खुर्चीवर काढलं.

तिला कळवावं असं वाटलं, पण माझ्याकडे नंबर नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी शोधलाही नाही. कळवून काय सांगणार होते?

गेल्या वर्षी गडचिरोलीला जिल्ह्याचे सामने होते. सकाळच्या मॅचमध्ये एका कॅचरच्या ओठाला चेंडू लागला, बरंच रक्त आलं. तिच्याबरोबर मोठं माणूस कोणी नव्हतं म्हणून मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टाके घालायच्या खोलीत एक सिस्टर होती. तिनं मुलीचा ओठ धुतला, डॉक्टरांच्या हाताशी उभी राहून दोन टाके घालून घेतले, आणि हात पुसता पुसता माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमी हात काढणाऱ्या ना?"

मी तिला चेहऱ्यानं ओळखलं नसतं. अंग भरलं होतं, चष्मा होता. मी नकळत खाली बघितलं. पायात काळ्या चपला.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. तिनं नवऱ्याचं सांगितलं, वनविभागात आहे. एक मुलगी, दीड वर्षाची. मग विषय संपले आणि मी तिला नियमाचं सांगून टाकलं. आता उडी चालते. तू मारायचीस ती अगदी तशीच.

"बरं झालं," म्हणाली. "पोरींचं बरं झालं." मग बाकाच्या कडेवर नखानं रेघा ओढत तिनं विचारलं, "बाई, एक विचारू काय? त्या मंगळवारी तुमी काऊन सोडलं होतं?"

या वेळी तिथं नळ नव्हता. मी सांगितलं. दिवसाची तिसरी मॅच होती, थकले होते, कटकट नको होती. आणि तुझा चेंडू बघायचा होता.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"आमाले वाटलं का चंद्रपूरवाल्यायनं तुमाले सांगतलं म्हणून. फायनलमधी हात काढा म्हणून." ती अगदी सहज बोलत होती. "सगळ्या पोरी तेच म्हणे. मी पण म्हणो. तुमी मंग शाळेत आल्या न, तवा वाटलं का तुमच्या मनाले लागलं म्हणून आल्या."

इतकी वर्षं त्या गावांमधल्या चौदा-पंधरा घरांत मी विकली गेलेली अंपायर होते. मी तीन रविवार तिथं जाऊन फक्की मारली, त्यांच्या पंगतीत बसून जेवले, आणि त्या पोरी मला वाढताना हेच मनात धरून होत्या. मला राग यायला हवा होता, आला नाही. त्यांच्या जागी बसून बघितलं तर दुसरं काय वाटणार होतं? मंगळवारी चालतं आणि बुधवारी चालत नाही, याला माणूस थकलं होतं हे कारण कोणाला सुचेल?

"तसं काही नव्हतं गं," मी म्हटलं.

"नाई ना. आता समजलं." मग ती हसली. "पण मंग तवाच सांगाचं होतं ना बाई. थकली होती म्हणून. आमी काय खाल्लं असतं काय तुमाले?"

तिची ड्युटी दोनला सुटत होती. मैदान जवळच, येते म्हणाली. मला वाटलं बोलायचं म्हणून बोलली असेल. पण अडीचच्या सुमारास ती स्कूटीवर आली, युनिफॉर्मवरच, आणि चपला काढून अनवाणी मैदानात उतरली. जेवणाची सुट्टी होती. टाके घातलेली कॅचर बाकावर सुजलेला ओठ धरून बसली होती, तिच्या जागी दुसरीनं हातमोजा चढवला. सिस्टरनं चेंडू हातात घेतला, फिरवून बघितला, शिवणीवर बोटं बसवली.

पहिला चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाळीला लागला. पोरी हसल्या, तीही हसली. दुसरा टप्पा पडून गेला. तिसरा सरळ गेला, बऱ्यापैकी जोरात. मग तिनं आणखी चार-पाच टाकले. मी बेसजवळ, माझ्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले होते, आणि दुसरं काही बघणं मला जमण्यासारखं नव्हतं.

तिचा अनवाणी चवडा मातीत घासत येत होता. प्रत्येक चेंडूला. मागे सरळ, अखंड रेघ.

"उडी मार," मी लांबून ओरडले. "आता चालते, मार."

तिनं मान हलवली. प्लेटवर आली, श्वास घेतला, अंग मागे नेलं. सुटली. चवडा घासला. पुन्हा एकदा केलं. पुन्हा घासला. तिनं थांबून पायाकडे बघितलं आणि बोटांना लागलेली माती दुसऱ्या पायानं झाडली.

"येतच नाई बाई," ती म्हणाली. "मनात येते. पाय सोडत नाई."

तिची मुलगी शेजारणीकडे होती, तिला जायचं होतं. जाताना तिनं टाके घातलेल्या मुलीला दोन दिवस तिखट खाऊ नको म्हणून बजावलं आणि सात दिवसांनी ये, मीच काढून देतो, असं सांगितलं. पोरींनी तिला बाय केलं. स्कूटी फाटकातून बाहेर वळली.

तीनला दुसरी मॅच होती. कुरखेड्याची टीम आणि अहेरीची. अहेरीच्या पिचरचे बूट नवे होते, बहुधा एक नंबरानं मोठे, टाच मागून सुटत होती. मी टोपी नीट केली आणि तिच्या मागच्या पायावर डोळे ठेवले.